गाडी कोण चालवत होतं

सौंसरला साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, सासूबाईंच्या बहिणीच्या नातीचं. दिवाळी होऊन गेली होती, शेतात कापसाची वेचणी चालू होती, आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, सकाळपासून म्हणत होते की मी काही येत नाही, तुम्ही दोघी बसनं जा. सासूबाईंचा गुडघा दुखतो, त्यांना बसची पायरी चढवत नाही.

"चाला न जी," त्या म्हणाल्या. "लोकं काय म्हनतील? बुढा-बुढी येकटे-येकटे फिरून रायले?"

मग मामाजींनी पांढरा कुर्ता घातला, गाडी पुसली आणि आम्ही निघालो. मंगळवार होता. मी शाळेतून सुट्टी काढली होती. पांढुर्ण्यातल्या एका खासगी शाळेत मी शिकवते. आमच्या भागात घरात मराठी आणि सरकारी कारभार हिंदीत. आमचे हे नागपूरला नोकरीला असतात आणि शनिवारी घरी येतात. त्यामुळे अशा कार्यक्रमांना आम्ही तिघंच जातो.

मामाजी दोनदा सरपंच राहिलेले. सरपंचकी जाऊन बराच काळ लोटला, तरी लोक त्यांना सरपंचजीच म्हणतात, खुर्ची देतात, पहिलं पान त्यांच्यासमोर मांडतात. ते पितात हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ते कधी बोललं जायचं नाही. तिगावकडच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यातून उशिरा आले की सासूबाई त्यांचं ताट झाकून ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, तू जाय, झोप. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ते चुपचाप जेवायचे आणि झोपायचे. म्हणून मीही कधी काही म्हटलं नाही.

त्या दिवशी जेवणाच्या पंगती उठल्या तेव्हा मामाजी दिसेनात. सभागृहाच्या मागे मुलाकडची चार-पाच माणसं एका गाडीचा दरवाजा उघडा ठेवून उभी होती, त्यांच्यात त्यांचा पांढरा कुर्ता दिसला. मी परत फिरले आणि सासूबाईंजवळ येऊन बसले. बऱ्याच वेळानं ते आले ते हसत आले. तोंडात पान होतं. नवऱ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवताना त्यांचा हात जरा बाजूला गेला, तो त्यांनी सावरला. कोणाच्या लक्षात आलं नसेल, पण सासूबाईंच्या आलं. त्यांनी पदर सारखा केला आणि चप्पल शोधायला लागल्या.

गाडीजवळ मी म्हटलं, "मामाजी, मी चालवू का? तुम्ही थकले असाल."

मला गाडी येते. लायसन आहे. नागपूरला ह्यांच्यासोबत असले की मीच चालवते. पण मामाजींच्या गाडीला मी कधी हात लावला नव्हता.

"माही गाडी?" ते हसले. "बस, बस. बाजूले बस."

मी पुढे बसले, सासूबाई मागे. पट्टा लावला. गाडीत पानाचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा.

सौंसर सुटल्यावर रस्ता बरा आहे, पण मंगळवारी जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची गर्दी असते. ऑटो, फटफट्या, नारळाच्या पिशव्या घेऊन कडेनं चालणारी माणसं. मामाजी वेगात नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. उलट ते फार सांभाळून चालवत होते, स्टिअरिंग अगदी छातीशी धरून. पण गाडी हळूहळू उजवीकडे सरकायची आणि मग एकदम झटक्यानं डावीकडे यायची. कापसानं भरलेला एक ट्रॅक्टर पुढे होता. तो ओलांडायला ते बाहेर निघाले आणि समोरून एक फटफटी आली. तिच्यावर नवरा-बायको होते. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मामाजींनी गाडी आत घेतली, ट्रॅक्टरच्या मागच्या फळीपासून एखाद्या हाताच्या अंतरावर. फटफटीवाला कच्च्यात उतरला, डगमगला आणि निघून गेला. मी आरशात पाहिलं, ते पडले नव्हते.

"पाहून नाही चालवत साले," मामाजी म्हणाले.

मी वळून पाहिलं. सासूबाई दोन्ही हातांनी माझ्या सीटची पाठ धरून बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

मी ठरवत होते की आता पुढे कुठं चहाची टपरी दिसली की उलटी होते म्हणून गाडी थांबवायला सांगायचं. तेवढ्यात जामसांवलीच्या फाट्याच्या अलीकडे पिवळे बॅरिकेड दिसले. गर्दीमुळे पोलीस होते, आणि एकेक गाडी बाजूला घेऊन पाहत होते. मामाजींनीही ते पाहिलं. त्यांनी एकदम ब्रेक मारला आणि गाडी एका बाभळीखाली कडेला घेतली.

"चाल," ते म्हणाले. "तू इकडे ये. मी तिकडे येतो."

मला आधी कळलंच नाही.

"जलदी! म्हनजो का मीच चालवत होती. तू तं काही पेली नाही, तुले काय करनार हायेत ते?"

"बस न वं तिकडे," मागून सासूबाई म्हणाल्या. "मानसाची इज्जत जाते."

माझा हात पट्ट्याच्या बटणावर गेला होता. तो तिथंच राहिला. समोर पाहिलं तर एक शिपाई आमच्याकडेच बघत चालत येत होता. बॅरिकेडच्या आधी गाडी थांबली म्हणून त्याला संशय आला असणार. मला वाटलं, आता आम्ही उतरून जागा बदलणार आणि हा ते बघणार. पण खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ती फटफटी कच्च्यात उतरताना दिसत होती.

"नाही मामाजी," मी म्हटलं.

लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांना मी हा शब्द म्हटला नव्हता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणी अनोळखी बाई त्यांच्या गाडीत येऊन बसले आहे.

"गाडी बंद करा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "चावी काढून ठेवा. अन् काही बोलू नका त्याच्याशी."

शिपाई आला. कोवळा मुलगाच होता, बोलण्यावरून तिकडे ग्वाल्हेर-भिंडकडचा वाटला. त्याला आमचे सरपंचजी कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"चाचाजी, नीचे आइए. गाड़ी के कागज लेकर."

"तू जानता है मैं कौन हूँ?" मामाजी उतरता उतरता म्हणाले. दरवाज्याला धरून उभे राहिले. शिपायानं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि मागे हाक मारली, "मैडम!"

मॅडम म्हणजे एक बाई सब-इन्स्पेक्टर होत्या, माझ्याच वयाच्या असतील. दिवसभर उन्हात उभं राहून चेहरा रापला होता. त्या आल्या तोपर्यंत मामाजींनी फोन काढला होता. ते एकाला लावत होते, मग दुसऱ्याला. एकानं उचलला. "हे घ्या, बोला," म्हणून त्यांनी फोन मॅडमसमोर धरला.

"मैं किसी का फोन नहीं लूँगी," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "गाड़ी आप चला रहे थे?"

मी गाडीतून उतरून समोर येऊन उभी राहिले होते. मामाजींनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मेरी बहू चला रही थी," ते म्हणाले.

मॅडमनी मान वळवली. "आप चला रही थीं?"

मागच्या खिडकीची काच खाली होती. आतून सासूबाई म्हणाल्या, "हाँ, वोही चला री थी."

रस्त्यानं जाणारे लोक थांबून पाहत होते. त्यांच्यात आमच्या ओळखीचं कोणी आहे का हे पाहायची मला हिंमत झाली नाही. मनात येत होतं की हो म्हणून टाक. मशीनमध्ये फुंकायचं, काही निघणार नाही, दहा मिनिटांत आम्ही घरच्या रस्त्याला. घरी गेल्यावर सगळे मला शहाणी म्हणतील. आणि पुढच्या लग्नालाही ते असेच बाजूला बस म्हणतील.

"नहीं मैडम," मी म्हटलं. "ससुरजी चला रहे थे. मैं बाजू में बैठी थी."

मॅडमनी शिपायाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. त्यानं आधीच पाहिलं होतं.

त्यानंतर मामाजी जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. ते मला उद्देशून होतं, मराठीत होतं आणि मॅडमना त्यातलं बरंचसं कळलं असावं, कारण त्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. मग मामाजी म्हणाले की मी काही फुंकत-बिंकत नाही, काय करायचं ते करा.

माझा फोन वाजत होता. ह्यांचा होता. मामाजींनी ज्यांना फोन केला होता त्यांच्यापैकी कोणीतरी ह्यांना कळवलं असणार.

"बाबांना सांग फुंकू नका," हे घाईघाईत म्हणत होते. "एकदा नंबर आला की संपलं. टाइम काढा. मी इथून कोणाला तरी बोलतो."

तेवढ्यात फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरून एक इसम जवळ आला. "वहिनी, घाबरू नका," तो हळूच म्हणाला. "मी जमवून देतो. आपलेच लोक आहेत." तो कोण होता कोणास ठाऊक. मी त्याला म्हटलं, "काही जमवायचं नाही, तुम्ही जा." तो हसत बाजूला झाला, पण गेला नाही.

मी फोन बंद केला आणि सरळ मॅडमनाच विचारलं की मामाजींनी फुंकलं नाही तर काय होईल.

त्यांना बहुतेक बरं वाटलं कोणीतरी साधं विचारल्याचं. त्यांनी समजावून सांगितलं. नकार दिला की त्यांना पोलीस थाण्यात घेऊन जावं लागेल, तिथून सरकारी दवाखान्यात, तिथं डॉक्टर रक्त काढतील आणि तपासणीला पाठवतील. नकार दिल्याचंही कागदावर येईल. धक्काबुक्की केली, सरकारी कामात अडवणूक केली तर ते आणखी वेगळं. "और फूँक दिया तो?" मी विचारलं. नंबर तीसच्या आत आला तर जा. वर आला तर चालान बनेल, गाडी थाण्यात लागेल, म्हणजे जमा होईल, आणि कोर्टात जावं लागेल.

मी मामाजींजवळ गेले. ते गाडीच्या बोनेटला टेकून उभे होते, घामानं कुर्ता पाठीला चिकटला होता. एवढा मोठा माणूस, मला तो एकाएकी फार म्हातारा दिसला.

"मामाजी," मी म्हटलं, "फुंकून द्या. नाही म्हटलं तर दवाखान्यात सुई टोचतील, तिथं सगळ्या सौंसरचे लोक असतील. पाव्हणेही अजून गावातच आहेत. इथंच आटोपू."

त्यांनी मॅडमच्या हातातल्या मशीनकडे पाहिलं.

"नळी नवी घ्यायला सांगते मी. भांडू नका फक्त."

मी मॅडमना नवी नळी मागितली. त्यांनी कुरकुर न करता माझ्यासमोर पाकीट फाडलं आणि नळी मशीनला लावली. मामाजींनी पहिल्यांदा गाल फुगवून नुसतंच फुंकल्यासारखं केलं. मशीननं घेतलं नाही. "ज़ोर से, चाचाजी. एक साँस में." दुसऱ्यांदा त्यांनी फुंकलं. मशीन वाजली. मॅडमनी आकडा आधी मला दाखवला, मग त्यांना. तीसच्या पुष्कळ वर होता.

कागद हिंदीत होते. मामाजींचा चष्मा गाडीत कुठंतरी पडला होता, म्हणून मी वाचून दाखवले. सगळं वाचलं, एक ओळही सोडली नाही. "यात लिहिलंय की गाडी तुम्ही स्वतः चालवत होते," मी म्हटलं. त्यांनी पेन घेतला आणि सही केली. सरपंच असताना करायचे तशी लांबलचक, खाली रेघ ओढून. एक प्रत मी मागून घेतली आणि पर्समध्ये ठेवली.

"आपके पास लाइसेंस है?" मॅडमनी मला विचारलं. मी दाखवलं. "फिर गाड़ी आप थाने तक ले चलिए. ये आपके साथ बैठेंगे."

तर त्या दिवशी मी मामाजींची गाडी चालवली, सौंसरच्या दिशेनं परत, शेजारी शिपाई आणि मागे ते दोघं. सीट पुढे घ्यावी लागली, माझे पाय पुरत नव्हते. क्लच जड होता आणि वळणावर गाडी एकदा बंद पडली. शिपाई म्हणाला, "आराम से, दीदी." त्या एका शब्दानं मला रडू यायला लागलं. समोर गर्दी होती म्हणून मी ते दाबलं.

गाडी थाण्यात लागली. सासूबाई म्हणाल्या, पाव्हण्यांना फोन करायचा नाही. त्या माझ्याशी एवढंच बोलल्या. आम्ही बसस्टँडवर आलो. पांढुर्ण्याच्या बसमध्ये मी आणि शेजारच्या एका माणसानं त्यांना धरून चढवलं. आत बसल्यावर त्यांनी शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली. मी मागे जाऊन बसले.

पुढचे दिवस वाईट गेले. घरात मारझोड नाही, शिव्या नाहीत, पण मी कणीक मळायला बसले की सासूबाई परात ओढून घ्यायच्या. मामाजी बगीच्यातच राहायचे. नणंदेचा बैतूलहून फोन आला. "वहिनी, एवढं सांभाळता नाही आलं का तुम्हाला? बाबांचं वय पाहिलं नाही?" मी म्हटलं, वय पाहूनच बोलले. तिनं फोन ठेवला.

शनिवारी हे आले. जेवण होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "तू हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तू तर प्यालेली नव्हती. शून्य आलं असतं. विषय संपला असता."

"अन् मग फाट्याच्या पुढे गाडी कोण चालवणार होतं?" मी विचारलं.

"तू."

"त्यांनी दिली असती?"

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "तरी." मी भांडी उचलून आत गेले. आमच्यात त्या रात्री जे राहिलं ते बरेच दिवस राहिलं.

कोर्टाची तारीख सौंसरलाच होती. ह्यांना सुट्टी मिळाली नाही, आणि मामाजींना एकट्यानं जाऊ देणं बरं दिसेना, म्हणून मी गेले. बसमध्ये आम्ही बोललो नाही. वकील त्यांचे जुन्या ओळखीचे होते. त्यांनी कागद पाहिले आणि मामाजींना म्हणाले, "सरपंचजी, हे लढता येईल. सूनबाईंनी फक्त एवढं म्हणायचं की त्या घाबरून गेल्या होत्या, अन् गाडी त्याच चालवत होत्या. पोलिसांनी काहीबाही लिहून घेतलं. बाकी माझ्यावर सोडा."

मी दाराजवळच्या बाकावर बसले होते. मला ऐकू यावं म्हणूनच ते जरा मोठ्यानं बोलले. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"सून तसं नाही म्हननार," मामाजी वकिलांना म्हणाले.

"विचारून तर पहा."

"नाही म्हननार, मी सांगतो न." ते वैतागले होते. "काय नाटक लावून रायले तुम्ही? मी पेली होती. लिहा तसं. मले बगीच्यात जाचं हाये, पान्याची पाळी हाये आज."

यात कौतुकाचं काही होतं असं मी म्हणणार नाही. ते कंटाळले होते. कदाचित मी ऐनवेळी सगळ्यांसमोर पुन्हा नाही म्हणेन याची त्यांना भीती असेल. पण जज साहेबांसमोर पुकारा झाला तेव्हा ते कशाचा आधार न घेता सरळ उभे राहिले, आणि विचारल्यावर "हो साहेब, गलती झाली," असं मराठी-हिंदी मिसळून म्हणाले. दंड झाला. लायसन काही महिन्यांसाठी गेलं. साहेबांनी बजावलं की पुन्हा सापडले तर एवढ्यावर भागणार नाही. बाहेर आल्यावर मामाजींनी दोन चहा सांगितले. एक माझ्याकडे सरकवला. आम्ही उभ्यानं प्यालो आणि बस पकडली.

सासूबाईंचं मन वळायला आणखी वेळ लागला. तुरीचे दिवस आले होते. एका दुपारी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो, मधे टोपलं. त्या आपल्या हाताकडे बघत म्हणाल्या,

"त्या फटफटीवरच्या बाईजवळ लेकरू होतं."

मला ते दिसलं नव्हतं. मी नवरा-बायकोच पाहिले होते.

"पदराखाली होतं, पिवळ्या टोपड्यातलं. मी पाह्यलं. म्हनून डोळे मिटले."

मी शेंग हातात धरून बसले. मला विचारायचं होतं की मग तरी तुम्ही मॅडमना तसं का म्हणालात. विचारलं नाही. त्यांनीच थोड्या वेळानं सांगितलं, किंवा सांगितल्यासारखं केलं. "मी किती वर्सं मांगं बसून रायली त्याईच्या. पहिले सायकल होती, मंग फटफटी, मंग गाडी. उतरवा मले, असं म्हनाचं सुचलंच नाही कधी." त्यांनी टोपलं माझ्याकडे सरकवलं. "तुहा हात जलदी चालते. तू घे जास्त."

दुसऱ्या दिवशी परात कोणी ओढली नाही.

मामाजींची दारू सुटली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती सुटली नाही. लायसन परत आलं, ते बगीच्यात गाडीनं जातात, सकाळी, आणि उजेड असेपर्यंत परत येतात. पण लग्नाकार्याला निघताना आता गाडीचं नाव कोणी काढत नाही, ते स्वतःही नाही. परवा तिगावला एकाकडे बारसं होतं. आम्ही ऑटोनं गेलो. जेवणानंतर मामाजी मागच्या अंगणात दिसेनासे झाले आणि बऱ्याच वेळानं पान चघळत आले. परतताना ऑटोत ते मधे बसले होते, एका बाजूला सासूबाई, एका बाजूला मी. ते ऑटोवाल्याला कापसाच्या भावाबद्दल काहीतरी समजावत होते आणि त्याला मागे बघायला लावत होते.

"ओ भाऊ," सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तू समोर पाय. याईचं आयकू नको."

ऑटोवाला हसला आणि समोर पाहून चालवायला लागला.